डिफॉल्ट गेटवे स्टिकरवर शोधू नका, कॉम्प्युटरलाच विचारा

राउटर उलटा करायचा, बुडाखालच्या स्टिकरवरचा आकडा वाचायचा आणि तोच आपला गेटवे असं धरून चालायचं, ही सवय मला सांगली-मिरजेत दुकानोदुकानी दिसते. स्टिकरवरचा पत्ता हा डबा कारखान्यातून निघाला तेव्हाचा. पुढं कुणी सेटिंग बदललं, कुणी मधे दुसरा राउटर घातला, फायबरवाला जुना डबा काढून नवा बसवून गेला, तर स्टिकरला त्याचा पत्ता नसतो. शिवाय २०१९ च्या पुरानंतर नदीकडच्या पेठांमधल्या माझ्या काही गिऱ्हाइकांनी राउटर आणि स्विच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी जिथं एकत्र येतात तो डबा, थेट छताला टेकवून ठोकून घेतलेत. स्टिकर वाचायचं तर आधी शिडी आणा. कॉम्प्युटरला विचारायला एक ओळ पुरते, आणि तो सांगतो ते आत्ताचं असतं.

मी मार्केट यार्डातली अडत दुकानं, काही पतसंस्था आणि कुपवाड एमआयडीसीतले छोटे कारखाने यांची कॉम्प्युटर आणि नेटवर्कची कामं बघते. यातलं निम्मं काम फोनवर चालतं. पलीकडं कधी दिवाणजी असतात, कधी अण्णा स्वतः, कधी नुकतीच कामाला लागलेली पोरगी. त्यामुळं कमांड अक्षरं सुटी करून सांगायची मला सवय आहे, आणि इथंही तसंच सांगणार आहे. टाइप अर्थात इंग्रजीत करायचं, सगळी अक्षरं लहान. मी ‘जागा’ म्हणाले की स्पेसबार एकदा दाबायचा. आकडे मी आपल्या अंकांत लिहिलेत, पडद्यावर ते इंग्रजी अंकांत दिसतील.

आधी हा गेटवे कशाला लागतो ते. गावाची वेस असते ना, तसं समजा. गावातल्या गावात एका घरातनं दुसऱ्या घरात जायला वेशीपर्यंत जावं लागत नाही, पण गावाबाहेर जायचं तर वेस ओलांडावीच लागते. दुकानातल्या कॉम्प्युटरवरनं शेजारच्या टेबलावरच्या प्रिंटरला कागद पाठवला तर तो गेटवेकडं जातच नाही. ई-वे बिलाची वेबसाइट उघडली की मात्र माहितीचं प्रत्येक पाकीट आधी गेटवेकडं जातं. पलीकडचा पत्ता गावातला की बाहेरचा हे कॉम्प्युटर सबनेट मास्क बघून ठरवतो. मास्क २५५.२५५.२५५.० असेल, आणि आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत तोच असतो, तर पत्त्यातले पहिले तीन आकडे जुळले की गावातला, नाहीतर बाहेरचा. म्हणूनच प्रिंटर व्यवस्थित छापतोय आणि नेट तेवढं बंद, असं झालं की माझा पहिला संशय गेटवेवर जातो.

विंडोज

विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. डाव्या कोपऱ्यात छोटी खिडकी येते. तिच्यात सी, एम, डी टाइप करून एंटर. काळी खिडकी उघडेल. काही दुकानांत ही काळी खिडकी बघून माणसं घाबरतात, ‘ताई, काय उडणार तर नाही ना?’ नाही. इथं फक्त विचारायचं आहे, काही बदलायचं नाही. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्डही लागत नाही. आता टाइप करा:

आयपीकॉन्फिग

अक्षरं: आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी. मधे कुठंही जागा नाही. एंटर.

भराभर ओळी येतात. वर सरकून पहिल्यापासून बघा, कारण शेवटचा भाग तेवढा पडद्यावर राहतो आणि नेमका तो कामाचा नसतो. प्रत्येक नेटवर्क कार्डाचा वेगळा गट असतो. वायर लावलेल्या कार्डाच्या गटाचं नाव इथरनेट ॲडाप्टरनं सुरू होतं, वायफायच्या गटाचं वायरलेस लॅन ॲडाप्टरनं. ज्या गटात ‘मीडिया डिसकनेक्टेड’ लिहिलंय तो सोडून द्या, तिथं वायरच नाही किंवा वायफाय जोडलेलं नाही. जो चालू आहे त्याच्यात एकाखाली एक आयपीव्ही४ ॲड्रेस, सबनेट मास्क आणि डिफॉल्ट गेटवे अशा ओळी असतात. डिफॉल्ट गेटवे या शब्दांपुढं टिंबांची रांग, आणि रांगेनंतर जो आकडा तोच आपल्याला हवा. १९२.१६८.१.१, असं काहीतरी.

इथंच फोनवर हमखास गोंधळ होतो. पलीकडून आयपीव्ही४ ॲड्रेसचा आकडा वाचून दाखवला जातो, कारण तो वर असतो आणि दिसायला तसाच असतो. तो तुमच्या कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता. गेटवे त्याच्या खाली. दोन्ही वाचा, मला दोन्ही लागतात, पण कुठला कुठला ते सांगून वाचा.

गेटवेच्या ओळीत पुढं काय दिसतं त्यावरनं बरंच कळतं, म्हणून जरा थांबून बघू.

आकड्याऐवजी एफई८० नं सुरू होणारी, मधे दुहेरी विसर्गासारखी चिन्हं आणि शेवटी टक्क्याचं चिन्ह असलेली लांबलचक ओळ दिसली, तर तो आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पद्धतीच्या लांब पत्त्यांचा, गेटवे. चूक काही नाही. त्याच्या बरोबर खालच्या ओळीत, डावीकडं काहीही न लिहिता, आपला ओळखीचा चार आकड्यांचा पत्ता असतो. फोनवर माणूस डिफॉल्ट गेटवे लिहिलेली ओळ तेवढी वाचतो आणि खालची सोडतो. इंटरनेटवर अशी युक्तीही सापडते की आयपीकॉन्फिगच्या पुढं फाइंडस्ट्र लावा आणि फक्त गेटवे शब्द असलेल्या ओळी काढा. मला ती आवडत नाही, कारण ती नेमकी हीच खालची ओळ गाळते. आयपीव्ही६ चालू असलेल्या ठिकाणी तुमच्या हातात एफई८० येतो आणि हवा तो पत्ता राहून जातो. पूर्ण यादी वाचायला अर्धा मिनिट जास्त लागतो, लागू दे.

गेटवेपुढं काहीच नसेल तर वर बघा, कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता काय आहे. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल तर कॉम्प्युटरनं पत्ता मागितला आणि त्याला कुणी दिलाच नाही. पत्ते वाटायचं काम डीएचसीपी करतं, आणि लहान ऑफिसात ते राउटरच्याच पोटात असतं. पत्ता, मास्क, गेटवे हे सगळं एकदमच तिकडून येतं. ते आलं नाही की विंडोज आपलं आपण १६९.२५४ वाला पत्ता लावून बसतं, आणि त्या पत्त्याला गेटवे नसतो. अशा वेळी गेटवे शोधत बसण्यात अर्थ नाही. वायर बघा, स्विचवरचा दिवा बघा, राउटर चालू आहे का बघा. यार्डात पोत्यांच्या थप्पीखाली वायर चेपलेली मी नेहमी बघते. हळदीची बारीक पूड स्विचच्या खाचेत बसते तो आणखी वेगळा ताप.

कॉम्प्युटरचा पत्ता चांगला आहे, पण गेटवे रिकामा, असंही होतं. याची दोन कारणं मला नेहमी सापडतात. एक, कुणीतरी हातानं पत्ता भरताना गेटवेचा रकाना मोकळा सोडलाय. दुसरं, तुम्ही भलताच गट वाचताय. ज्यांच्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर, आहे त्यांना १९२.१६८.५६.१ असा पत्ता असलेला एक गट दिसतो. ते खरं कार्डच नाही, त्याला गेटवे असायचं कारण नाही. तो सोडून वरच्या गटांत बघा.

आता थोडं पुढं. याच आज्ञेला शेपूट लावा:

आयपीकॉन्फिग, जागा, स्लॅश, ए, एल, एल

स्लॅश म्हणजे प्रश्नचिन्हाच्या कळीवरची रेघ, शिफ्ट न दाबता. एंटरच्या आसपासची उलटी रेघ नव्हे. यात सगळं तपशिलात येतं. त्यातली मला हवी ती ओळ डीएचसीपी सर्व्हरची. हा पत्ता आणि गेटवे कुणी दिले हे ती ओळ सांगते. लहान दुकानात डीएचसीपी सर्व्हर आणि गेटवे यांचा आकडा बहुधा एकच असतो. तो वेगळा निघाला तर का वेगळा, हे मी विचारतेच.

काळ्या खिडकीऐवजी पॉवरशेल उघडं असेल तर तिथं तीन अक्षरांत काम होतं: जी, आय, पी, एंटर. फक्त कामाची माहिती येते, गेटवे आयपीव्ही४डिफॉल्टगेटवे या नावापुढं. विंडोज ८ पासून ही सोय आहे. जुनं विंडोज ७ अजून काही वजनकाट्यांच्या कॉम्प्युटरवर ठाण मांडून आहे, तिथं आयपीकॉन्फिगच.

एकाच कॉम्प्युटरला दोन गेटवे

लॅपटॉपला वायरही लावलीय आणि वायफायही चालू आहे. यादीत दोन गट, दोन्हींत गेटवे. मग खरा कुठला? आयपीकॉन्फिग हे सांगत नाही. यासाठी दुसरी आज्ञा:

राउट प्रिंट, जागा, डॅश, ४

अक्षरं: आर, ओ, यू, टी, ई, जागा, पी, आर, आय, एन, टी, जागा, वजाबाकीचं चिन्ह, चार. शेवटचं डॅश चार लावलं नाही तरी चालतं, पण मग आयपीव्ही६ चा सगळा पसारा खाली येतो.

एक तक्ता दिसेल, पाच रकान्यांचा. त्यात पहिल्या दोन रकान्यांत ०.०.०.० आणि ०.०.०.० अशी ओळ शोधा, सगळ्यात वरच असते. त्याचा अर्थ, ज्या पत्त्यासाठी दुसरी कुठली वाट लिहिलेली नाही तो इकडनं जाऊ दे. तिसऱ्या रकान्यात गेटवे. अशा दोन ओळी असतील तर शेवटचा रकाना बघा, मेट्रिकचा. ज्याचा आकडा लहान, ती वाट आधी. विंडोज हा आकडा साधारण कार्डाच्या वेगावरनं स्वतःच ठरवतं, म्हणून चांगली वायर असेल तर बहुतेक वेळा वायरच जिंकते.

याचा त्रास कुठं होतो ते सांगते. दुकानाची लाइन बंद पडली म्हणून पोरगं मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडतं, पण राउटरची वायर काढत नाही. वायर जिवंत आहे, राउटर जिवंत आहे, मेलीय ती राउटरच्या पुढची लाइन. लॅपटॉप मात्र मेट्रिक बघून वायरीकडंच जाण्याचा हट्ट धरतो आणि मग ‘हॉटस्पॉट लावूनसुद्धा नेट येईना’ असा फोन येतो. वायर उपसा, लगेच येईल.

हॉटस्पॉट आहे का राउटर, हे आकड्यावरनंही ओळखता येतं. आयफोनचा हॉटस्पॉट १७२.२०.१०.१ हा गेटवे देतो. जुने अँड्रॉइड १९२.१६८.४३.१ देत, नवे बदलता आकडा देतात. विंडोजनंच आपलं नेट दुसऱ्याला वाटलं असेल तर १९२.१६८.१३७.१. जिओफायबरच्या डब्यावर १९२.१६८.२९.१, टीपी-लिंक आणि डी-लिंकच्या बऱ्याच राउटरांवर १९२.१६८.०.१, मायक्रोटिकवर १९२.१६८.८८.१. हे आकडे पाठ करायची गरज नाही, पण दोन-चार ओळखीचे झाले की फोनवर आकडा ऐकताच समोर काय लावलंय त्याचा अंदाज येतो. बदललेला असू शकतो एवढं लक्षात ठेवायचं. शेवटी १ असलाच पाहिजे असा नियम नाही, २५४ ठेवणारेही खूप.

व्हीपीएन चालू असेल तर तक्ता वेगळाच दिसतो. आधी व्हीपीएन बंद करा, मग विचारा. फोनवर तरी मी त्यात शिरत नाही.

दोन कॉम्प्युटरचे गेटवे ताडून बघणं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि कमांड शिकवणारे बहुतेक जण तो सांगतच नाहीत. एका कॉम्प्युटरचा गेटवे कळून जेवढं समजतं, त्याच्या दुप्पट दोघांचे शेजारी ठेवल्यावर समजतं.

हळदीच्या हंगामातली गोष्ट. यार्डातलं एक अडत दुकान, सौद्याचा दिवस, बाहेर ट्रक उभा आणि ई-वे बिल निघेना. अण्णांचा फोन: ‘ताई, निम्मी कॉम्प्युटरं चाललीत, निम्मी मेलीत. सकाळी जी चालू होती ती आता बंद, आन् बंद होती ती चालू. भूत लागलंय काय?’

मी म्हटलं, ‘अण्णा, राउटरला हात लावू नका. जे चालू आहे त्याच्यावर कुणाला तरी बसवा आणि जे बंद आहे त्याच्यावर तुम्ही बसा. दोघं एकच कमांड मारा.’

चालू असलेला म्हणाला १९२.१६८.१.१. अण्णा म्हणाले १९२.१६८.०.१.

एका दुकानात, एका स्विचवर, दोन वेशी. मग विचारलं, नवीन काय आणलंय? थोडा वेळ फोनवर नुसता यार्डाचा गलका. मग कळलं, पुतण्यानं वरच्या खोलीत वायफाय यावं म्हणून घरातला जुना राउटर आणून लावलाय. स्विचमधून आलेली वायर त्यानं त्या राउटरच्या पिवळ्या खाचांपैकी एकीत घातली होती, म्हणजे लॅनच्या, दुकानाच्या आतल्या बाजूच्या. आता दुकानात पत्ते वाटणारे दोघं झाले. कॉम्प्युटर सुरू होताना हाक मारतो, ‘मला पत्ता द्या’, आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेतो. ज्यांना पुतण्याच्या राउटरनं पत्ता दिला ते त्यालाच वेस समजून तिकडं जात होते, आणि त्या राउटरला पुढं इंटरनेटची लाइनच नव्हती. सकाळचं चालू दुपारी बंद पडण्याचं कारण एवढंच, की मधे कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला आणि या वेळी दुसऱ्याचं उत्तर आधी पोचलं.

तेव्हा पुतण्याच्या राउटरची वायर उपसायला लावली, बंद कॉम्प्युटरांच्या नेटवर्क वायरी एकदा काढून परत घालायला लावल्या, म्हणजे ते नव्यानं पत्ता मागतात. बिल निघालं. कमांडनंही हेच करता येतं: आयपीकॉन्फिग, जागा, स्लॅश, आर, ई, एल, ई, ए, एस, ई, एंटर, आणि नंतर आयपीकॉन्फिग, जागा, स्लॅश, आर, ई, एन, ई, डब्ल्यू, एंटर. परवानगी नाही म्हणालं तर काळी खिडकी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. वायर उपसणं सोपं.

संध्याकाळी जाऊन तो राउटर नीट बसवला. त्यातलं डीएचसीपी बंद केलं, त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, म्हणजे तो मुख्य राउटरच्या गावात आला पण पत्ते वाटायचा थांबला, आणि वायर लॅनच्याच खाचेत ठेवली. पुतण्याला वायफाय मिळालं, अण्णांना बिल. पुतण्यावर मी रागावले नाही. वायर खाचेत बसते म्हणजे तिथंच घालायची असं कुणालाही वाटेल, तशी खाच कंपन्यांनी करून ठेवलीय.

तुमच्याकडं निम्मी चालू, निम्मी बंद, असं झालं की हीच पद्धत. दोन्हींकडचा गेटवे, आणि स्लॅश ऑल लावून दोन्हींकडचा डीएचसीपी सर्व्हर. आकडे वेगळे आले की दुसरा राउटर शोधा. तो टेबलाखाली, माळ्यावर किंवा शेजाऱ्याच्या दुकानात सापडतो.

गेटवे सापडला, पुढं

आधी त्याला हाक मारून बघा. पी, आय, एन, जी, जागा, आणि गेटवेचा आकडा टिंबांसकट. रिप्लाय आला की तुमच्यापासून राउटरपर्यंतची वाट ठीक. आता पिंग, जागा, ८.८.८.८. हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर, म्हणजे वेबसाइटच्या नावावरनं तिचा आकडा सांगणारा, २००९ पासून आहे, आकडा लक्षात राहतो म्हणून सगळे यालाच हाक मारतात. गेटवे उत्तर देतोय आणि ८.८.८.८ देत नाही, तर दोष बहुधा राउटरच्या पुढं, लाइनवाल्याला फोन करा आणि त्याला हेच वाक्य सांगा. ‘नेट बंद आहे’ म्हटलं की तो राउटर बंद-चालू करायला सांगतो. ‘गेटवेला पिंग जातंय, पुढं जात नाही’ म्हटलं की माणूस पाठवतो. दोन्ही उत्तर देतात पण वेबसाइट उघडत नाही, तर डीएनएस बघावं लागेल.

गेटवेनं पिंगला उत्तर दिलं नाही म्हणजे तो मेलाच असं मात्र नाही. काही राउटर पिंगला उत्तर न देण्यासाठी लावलेले असतात. तेव्हा पिंग केल्यावर लगेच ए, आर, पी, जागा, डॅश, ए टाइप करा. यादीत गेटवेच्या आकड्यापुढं जोड्याजोड्यांचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा स्वतःचा कारखान्यातला नंबर, दिसला तर राउटर तारेवर आहे, नुसता बोलत नाही.

आणखी एक कमांड उपयोगी, विशेषतः ज्यांना घरी बसून दुकानाचे कॅमेरे बघायचेत त्यांना. वाटेतला एकेक टप्पा ती एकेका ओळीत दाखवते:

ट्रेसर्ट, जागा, डॅश डी, जागा, ८.८.८.८

अक्षरं: टी, आर, ए, सी, ई, आर, टी. पहिल्या ओळीत तुमचाच गेटवे यायला पाहिजे. दुसऱ्या ओळीत पुन्हा १९२.१६८ चा आकडा आला तर बहुधा तुमच्या राउटरच्या पुढं फायबरवाल्याचा डबाही राउटर म्हणून काम करतोय. नुसतं नेट बघायला त्यानं काही बिघडत नाही, पण बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, उघडायचा तर दोन्ही डब्यांत उघडावा लागतो, आणि लोक एकातच उघडून दिवसभर डोकं धरून बसतात. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या लाइनच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यातला असेल तर कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटतेय. मग कितीही पोर्ट उघडा, बाहेरून वाट नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीचं क्लाउडचं ॲप वापरा, नाहीतर लाइनवाल्याकडं वेगळा स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा, न बदलणारा बाहेरचा पत्ता, मागा. त्याचे पैसे पडतात.

राउटरचं पान उघडायचं तर गेटवेचाच आकडा ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत टाका. शोधायच्या चौकटीत नको.

लिनक्स आणि मॅक

विश्रामबागेतली इंजिनिअरिंगची मुलं उबुंटू वापरतात आणि त्यांना टर्मिनल माझ्यापेक्षा प्रिय, म्हणून थोडक्यात. कंट्रोल, आल्ट, टी दाबून टर्मिनल उघडा:

आयपी राउट

आय, पी, जागा, आर, ओ, यू, टी, ई. पहिली ओळ डिफॉल्ट व्हाया नं सुरू होते, व्हायाच्या पुढचा आकडा तो गेटवे, आणि त्यापुढं डेव्हनंतर कार्डाचं नाव. वायर आणि वायफाय दोन्ही असतील तर डिफॉल्टच्या दोन ओळी येतात. उबुंटूच्या डेस्कटॉपवर साधारण वायरीचं मेट्रिक १०० आणि वायफायचं ६००. इथंही लहान आकडा आधी. वाद घालायचा नसेल तर थेट विचारा: आयपी, जागा, राउट, जागा, जी, ई, टी, जागा, ८.८.८.८. कुठल्या गेटवेनं आणि कुठल्या कार्डानं जाणार हे एका ओळीत येतं. विंडोजला एवढं सरळ उत्तर देता आलं असतं तर माझे निम्मे फोन कमी झाले असते.

जुन्या पुस्तकांत राउट डॅश एन दिलेलं असतं. नव्या उबुंटूत ती कमांड आधीपासून बसवलेली नसते, सापडली नाही म्हणून काही बिघडलंय असं समजू नका. आणि आयएफकॉन्फिग मारून गेटवे शोधू नका, त्यात तो दिसतच नाही.

मॅकवर टर्मिनल उघडून: राउट, जागा, डॅश एन, जागा, जी, ई, टी, जागा, डी, ई, एफ, ए, यू, एल, टी. गेटवे लिहिलेली ओळ वाचा. मॅकवर आयपीकॉन्फिग नावाची कमांड आहे, पण ती विंडोजच्या कमांडसारखी वागत नाही, नुसती मारली तर वापरायची रीत छापून गप्प होते.

डीव्हीआरमध्ये गेटवे भरताना

कॅमेऱ्याचा डीव्हीआर, हजेरीचं अंगठ्याचं यंत्र, प्रिंटर यांना पत्ता हातानं भरावा लागतो, आणि गेटवे शोधायला लोक येतात ते बहुतेक यासाठीच. त्याच खोलीतल्या चालू कॉम्प्युटरवर आयपीकॉन्फिग मारा. मास्क आणि गेटवे जसेच्या तसे यंत्रात भरा. पत्ता मात्र वेगळा: पहिले तीन आकडे तेच, शेवटचा असा की दुसऱ्या कुणाचा नाही आणि राउटर वाटतो त्या पट्ट्यातलाही नाही. राउटरच्या पानावर डीएचसीपीमध्ये पट्टा लिहिलेला असतो. १०० ते १९९ असेल तर डीव्हीआरला मी २०० च्या पुढं बसवते. गेटवे १९२.१६८.१.१ आणि यंत्राला भरला १९२.१६८.०.५०, तर मास्क २५५.२५५.२५५.० असताना यंत्र वेगळ्या गावात गेलं, त्याला ती वेस सापडणारच नाही.

हे करूनही अडलं आणि मला किंवा तुमच्या नेहमीच्या माणसाला विचारायचं असेल, तर आकडे तोंडी सांगू नका. आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मारा आणि मोबाइलनं पडद्याचा फोटो काढा. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब टाळा, यादी मोठी असेल तर सरकवून दोन फोटो, वरचा भाग कापू नका. निम्मं चालू असेल तर दोन्ही कॉम्प्युटरांचे, आणि कुठला कुणाचा ते खाली लिहा. फोटो पाठवण्याआधी मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइलचा डेटा चालू करा. बंद पडलेल्या वायफायवरून मदत मागायचा मेसेज पाठवून, ताई उत्तर देईना म्हणून तासभर वाट बघणारी मंडळी आपल्याकडं बरीच आहेत.